अलीकडचे चित्रपट आणि कोल्हापूरचे पडदे

'छावा' बघून आलेल्या दोन कोल्हापूरकरांची मतं सहसा जुळत नाहीत. एकाच्या कानात औरंगजेबाचे संवाद घुमत असतात, दुसऱ्याला ते धड ऐकूच आलेले नसतात. एक जण बुऱ्हाणपूरच्या छाप्यातली धूळ आणि घोडी वर्णन करून सांगतो, दुसरा म्हणतो सगळं काळपट होतं, कोण कुणाला मारतंय तेच कळेना. चित्रपट एकच, पण दोघांच्या वाट्याला आलेला प्रकाश वेगळा, आवाज वेगळा आणि खुर्चीही वेगळी. त्यामुळे २०२५ मधल्या काही चित्रपटांबद्दल लिहिताना चित्रपट कसा आहे याबरोबर तो कसल्या पडद्यावर बघावा, कुठे बसावं आणि बिघडलं तर नेमकं काय बिघडलेलं असतं, हेही सांगायला हवं. नाहीतर दिग्दर्शकाच्या नावावर थेटरचे दोष जमा होतात.

'छावा'पासूनच सुरुवात करू. लक्ष्मण उतेकरांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ ला आला, लांबी १६१ मिनिटं. आजऱ्यात जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिक्षकी केलेल्या शिवाजी सावंतांची कादंबरी त्याच्या मुळाशी आहे, म्हणून इथला प्रेक्षक पुस्तकातले शंभूराजे डोक्यात घेऊनच आत जातो. विकी कौशलने जीव ओतलाय यात वाद नाही. संगमेश्वरची झुंज आणि त्यानंतरचा शेवटचा भाग बघताना अख्खं थेटर गप्प होतं. कवी कलश आणि शंभूराजे यांची अखेरची जुगलबंदी विनीतकुमार सिंगने तोलून धरली आहे. कमी पडतो तो मधला भाग. एक लढाई, मग दुसरी, मग तिसरी, आणि सगळ्यांची लय एकच. सोयराबाईंचं कारस्थान, दरबारातली माणसं, फितुरी हे सगळं घाईत उरकलंय. ज्या राजाला घरातल्यांनीच घेरलं त्याची गोष्ट सांगताना घराला इतका कमी वेळ देणं पटत नाही. संगीताबद्दलची तक्रारही रास्त आहे. प्रसंग पुरता उभा राहायच्या आत पार्श्वसंगीत येऊन त्याची जागा घेतं.

पण 'संवाद ऐकू आले नाहीत' ही तक्रार मात्र सरसकट चित्रपटावर टाकता येत नाही. अक्षय खन्नाचा औरंगजेब फार कमी बोलतो, आणि बोलतो तेही खालच्या पट्टीत. अशा आवाजाचं सगळं ओझं पडद्यामागच्या मधल्या स्पीकरवर असतं. ५.१ पद्धतीत पडद्यामागे डावा, मधला, उजवा असे तीन स्पीकर, खालच्या घुमाऱ्यासाठी एक सबवूफर आणि भिंतींवरचे दोन बाजूंचे सराउंड अशी मांडणी असते. संवाद जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरमधून येतो. त्यातला वरच्या पट्टीचा भोंगा, म्हणजे हॉर्न, गेला, तर आवाज बंद पडत नाही, पण स, श, च, त ही अक्षरं बोथट होतात आणि माणूस गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. संगीत बाजूच्या स्पीकरमधून व्यवस्थित चालू राहतं, त्यामुळे प्रेक्षकाची खात्री पटते की संगीतच जास्त आहे.

दुसरं कारण आवाजाच्या आकड्यात आहे. थेटरच्या साउंड प्रोसेसरवर पातळी ० ते १० अशी दिसते. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण करताना स्टुडिओत ही पातळी ७ वर ठेवलेली असते. प्रत्यक्षात बहुतेक थेटरांत ती ५ च्या आसपास असते, कारण लढाई सुरू झाली की लहान मुलं रडतात, कुणीतरी बाहेर येऊन आवाज कमी करायला सांगतं, ऑपरेटर कमी करतो आणि मग तो आकडा तसाच राहतो. ७ वरून ५ वर आलं की सुमारे साडेसहा डेसिबल उतरतात. लढाईला त्याने काही होत नाही, ती तरीही दणदणीतच वाटते. मरतात ते हळू बोललेले संवाद, कारण ते पंख्याच्या, एसीच्या आणि चिप्सच्या पुड्यांच्या आवाजाखाली जातात. चित्रपटाचं मिश्रण जितकं भडक, तितका ऑपरेटर आवाज खाली आणतो आणि तितकाच संवाद बुडतो. 'छावा'च्या बाबतीत दोष दोन्हीकडे आहे असंच म्हणावं लागेल: मिश्रण भडक आहे, आणि त्यावर थेटरात केलेला उपाय चुकीचा.

अशा चित्रपटाला बाल्कनी असलेल्या जुन्या थेटरात बसायची जागा म्हणजे बाल्कनीची पहिली किंवा दुसरी रांग, मध्यभागी. तिथून पडदा डोळ्यांच्या रेषेत येतो आणि समोरचे तिन्ही स्पीकर मोकळे ऐकू येतात. खाली स्टॉलमध्ये बसायचं तर बाल्कनीच्या छज्जाखालच्या रांगा टाळा. छज्जाखाली आवाजातली वरची पट्टी पोचत नाही, घुमारा मात्र साठून राहतो. मल्टिप्लेक्समध्ये पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावरची रांग घ्यावी, मधल्या चार-सहा खुर्च्यांपैकी एक. अगदी शेवटची रांग महाग असली तरी भिंतीला टेकलेली असते, आणि भिंतीजवळ खालच्या पट्टीचा आवाज फुगतो. ज्यांना संगीत असह्य वाटलं त्यांनी आपण कुठे बसलो होतो ते एकदा आठवून बघावं.

'दशावतार'ची गोष्ट याच्या नेमकी उलटी. तिथे घात होतो तो प्रकाशाने. सुबोध खानोलकर दिग्दर्शित हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला आला. ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत आहेत. नजर अधू होत चाललेला, तरी रंगमंच न सोडणारा म्हातारा. पूर्वार्ध फार सुंदर आहे. बाप-लेकाचं नातं, तोंडाला रंग लावण्याची एकाग्रता, खेळ संपल्यावरचा थकवा, मालवणी बोलण्यातला गोडवा, हे सगळं कुठेही न ओढता येतं. उत्तरार्धात चित्रपट सूडकथेच्या वाटेने जातो आणि कोकणच्या जमिनीचा, जंगलाचा प्रश्न थोडा ठळक अक्षरांत मांडतो. काही जणांना हा सांधा खटकला. तरीही प्रभावळकर एकेका सोंगात शिरतात तेव्हा सोंगाबरोबर त्यांची चाल, मान आणि श्वासही बदलतो. हे बघायला मोठा पडदाच हवा.

पण यातला बराच खेळ रात्री रानात आहे. पडदा मंद असेल तर झाडं आणि माणूस यांचा एकच काळा गोळा होतो, आणि मग 'कॅमेरावर्क बरोबर नाही' असं मत घेऊन माणसं बाहेर पडतात. पडद्याच्या मध्यभागी प्रकाश किती हवा याचं प्रमाण ठरलेलं आहे: १४ फूट-लॅम्बर्ट, मेट्रिकमध्ये ४८ कँडेला प्रति चौरस मीटर. तो कमी होण्याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे प्रोजेक्टरमधला म्हातारा झालेला झेनॉन दिवा. ताकदीनुसार या दिव्याचं आयुष्य काहीशे तासांपासून दोन-अडीच हजार तासांपर्यंत असतं. दिवसाला चार खेळ, प्रत्येकी तीन तास धरले तर रोजचे बारा तास होतात, आणि हजार तासांचा दिवा तीन महिन्यांच्या आतच संपतो. दिवा महाग, म्हणून तो मुदतीपलीकडे ओढला जातो. आधी प्रकाश घटतो, मग पडद्याच्या कडा मध्यापेक्षा काळ्या दिसायला लागतात, शेवटी चित्र लुकलुकतं. लेझर प्रोजेक्टरमध्ये हा त्रास जवळजवळ नाही, त्याचा स्रोत वीस हजार तासांच्या पुढे जातो. तिकीट काढताना लेझर असं लिहिलेलं दिसलं तर अंधाऱ्या चित्रपटासाठी तोच पडदा निवडावा.

आणखी एक कारण फार सोपं आहे आणि म्हणूनच चीड आणणारं. त्याच पडद्यावर आधीचा खेळ थ्रीडी असेल आणि भिंगापुढचं थ्रीडीचं फिल्टर बाजूला करायचं राहिलं असेल, तर नंतरच्या साध्या चित्रपटाचा निम्म्याहून जास्त प्रकाश ते गिळतं. थ्रीडीसाठीचा चंदेरी पडदा असला तर कडेच्या खुर्च्यांवरून चित्र आणखी मंद दिसतं, कारण तो पडदा प्रकाश समोरच्या दिशेने जास्त फेकतो. अशा ठिकाणी कोपऱ्यातली खुर्ची स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. चित्रपट सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, ते म्हणजे प्रेक्षकाच्या हातातली आयती चाचणी. त्या काही सेकंदांत चार गोष्टी बघायच्या. कागद पांढरा दिसतोय की पिवळट-करडा? करडा असेल तर दिवा उतरलाय किंवा फिल्टर राहिलंय. चारही कोपरे मध्यासारखेच उजळ आहेत का? बारीक अक्षरं मध्यभागी आणि कडेला सारखीच स्पष्ट आहेत का? मध्ये स्पष्ट आणि कडेला पुसट असतील तर फोकस अर्धवट लागलाय. आणि चौकटीच्या रेषा सरळ आहेत की वर निमुळत्या होतात? त्याच प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी मिनिटांत छापलेली असते. घड्याळ बघून त्यात मध्यंतराची पंधरा मिनिटं मिळवली की बाहेर कधी पडणार ते तिथल्या तिथे कळतं, शेवटची केएमटी बस पकडायची असेल तर हे उपयोगाचं. नोव्हेंबर २०२४ पासून यूए गटात ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. मुलांना घेऊन जाताना तिकीट काढण्याआधीच ते बघा, कारण नुसतं 'यूए' बघून ठरवायचे दिवस गेले.

याच शहरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या हातून देशी कॅमेरा उभा राहिला. बाबूरावांनी 'सिंहगड'साठी १९२३ मध्ये कृत्रिम प्रकाश वापरून चित्रीकरण केलं, आणि प्रभात कंपनीचा १९३२ मधला 'अयोध्येचा राजा' ती पुण्याला जाण्याआधी इथेच तयार झाला. रात्र पडद्यावर रात्रीसारखी दिसावी यासाठी इथल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी झटून काम केलंय. त्या कोल्हापुरात प्रेक्षकाने करड्या पडद्यावर 'दशावतार' बघून गप्प घरी जावं, हे मनाला लागतं.

तिसरा चित्रपट 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये तो इथल्या थेटरांत आला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, तिथला त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या, आणि दोघांमध्ये हळूहळू उमलणारं प्रेम. एवढीच गोष्ट. आनंदची आई मुलाला जशी समजून घेते तसं मराठी पडद्यावर फार क्वचित आलंय. नातेवाईकांचं 'लग्न कधी' हे टुमणं, सुतकातले नियम, पायात चप्पल घालायची की नाही यावरची कुजबुज, सगळं इतकं ओळखीचं आहे की गावाकडचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत त्या घरातला होतो. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी थांबून असतो, आणि पार्श्वसंगीत नाही. पक्षी, भांडी, वारा, दूरचं बोलणं हेच त्याचं संगीत.

आणि म्हणूनच हा चित्रपट बघायला सर्वात अवघड आहे. शांतता ऐकवायला थेटर शांत लागतं. मल्टिप्लेक्समध्ये शेजारच्या पडद्यावर मारधाड चालू असेल तर भिंतीतून खालच्या पट्टीचा धडधडाट आत येतो, कारण जाड भिंतसुद्धा वरची पट्टी अडवते तशी खालची अडवू शकत नाही. पत्र्याचं छत असलेल्या थेटरात कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की अर्धा चित्रपट त्याच्याखाली जातो. डोअरकीपरने दार उघडं ठेवलं तर लॉबीतला उजेड थेट पडद्यावर पडतो आणि करड्या छटा धुऊन निघतात. अशा चित्रपटासाठी आठवड्यातल्या मधल्या दिवसाचा, सकाळचा किंवा दुपारचा खेळ निवडावा. शेजारच्या पडद्यावर त्या वेळी काय चाललंय तेही ॲपवर दिसतं, ते बघून ठरवावं. दाराच्या रांगेपासून लांब बसावं. 'काहीच घडत नाही' हे मत बहुतेक वेळा गोंगाटात बघितलेल्या माणसाचं असतं. उरलेल्यांना खरंच संथ चित्रपट आवडत नसेल तर त्यांची आवड, त्यावर भांडायचं कारण नाही.

अशा चित्रपटांची गोडी लागली असेल तर कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे, तिचे खेळ चुकवू नयेत. तिथे जगभरचे चित्रपट सबटायटल्ससह असतात. सभागृहाची जमीन थेटरइतकी उतरती नसेल तर पुढच्या माणसाचं डोकं नेमकं सबटायटलवर येतं, म्हणून मधल्या वाटेच्या लगतची खुर्ची धरायची. तिथून खालची ओळ मोकळी दिसते.

'कांतारा चॅप्टर १' बद्दल थोडक्यात. २ ऑक्टोबर २०२५ ला आलेला ऋषभ शेट्टींचा हा चित्रपट २०२२ च्या चित्रपटाच्या आधीची कथा सांगतो. भव्य आहे, रानाचं आणि दैवताचं जग डोळे भरून दाखवतो. पूर्वार्धातला विनोद मात्र लांबलाय, आणि पहिल्या चित्रपटात जो गावरान खरेपणा होता तो इथे भव्यतेखाली थोडा दबलाय. शेवटची चाळीसेक मिनिटं त्याची भरपाई करतात. डब आवृत्ती बघितली असेल तर लक्षात आलं असेल: संगीत आणि इतर आवाज मूळ ध्वनिपट्टीतले असतात, संवाद मात्र स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड केलेले. रानात उभा माणूस बंद खोलीत बोलल्यासारखा ऐकू येतो तो त्यामुळे. कन्नड कानावर पडणाऱ्या आपल्या भागात मूळ भाषेचा खेळ लागला असेल तर तोच घ्यावा. ॲपवर एकाच चित्रपटाचे दोन भाषांतले खेळ शेजारी शेजारी असतात आणि भाषेचं नाव बारीक अक्षरात. पैसे भरण्याआधी तेवढं बघितलं की पुढचा मनस्ताप टळतो.

मग 'धुरंधर'. ५ डिसेंबर २०२५ ला आलेला आदित्य धर यांचा हा चित्रपट २१४ मिनिटांचा, म्हणजे तीन तास चौतीस मिनिटं. कराचीच्या ल्यारी भागातली टोळीयुद्धं आणि त्यात शिरलेला हेर, अशी कथा प्रकरणांमध्ये मांडली आहे. रणवीर सिंग एरवीच्या मानाने खूप आवरलेला आहे, आणि रहमान डकैतच्या भूमिकेत अक्षय खन्ना पुन्हा एकदा कमी बोलून बाजी मारतो. गाणी कथेत पेरण्याची पद्धत ताजी आहे. हिंसा मात्र अंगावर येणारी आहे, प्रमाणपत्र प्रौढांसाठीचं आहे आणि ते गांभीर्यानेच घ्यावं. राजकीय मांडणी एकारलेली आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पण पकड सुटत नाही, आणि एवढ्या लांबीत हे सोपं नाही.

अडचण आहे ती वेळेची. २१४ मिनिटं, पंधरा मिनिटं मध्यंतर आणि सुरुवातीच्या जाहिराती मिळून चार तास धरावे लागतात. रात्री साडेनऊचा खेळ सुटायला दीड वाजतो. तेव्हा केएमटी नसते, कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडची एसटीही हाताशी नसते. बाहेरगावच्या लोकांनी दुपारी बारा-साडेबाराचा खेळ घेतला तर चार-साडेचारला सुटून उजेडात घरी पोचता येतं. इतक्या लांब चित्रपटात खुर्चीलाही महत्त्व येतं. काही थेटरांत गादीचा फोम बसून पुढची पट्टी मांडीला रुतते, आणि दोन तासांनंतर पाय बधिर व्हायला लागतात. आत गेल्यावर बसून बघा, रुतत असेल आणि थेटर रिकामं असेल तर दिवे मालवायच्या आत डोअरकीपरला विचारून जागा बदलून घ्या. पाणी पिण्याचा हिशेब मध्यंतर धरून करावा, या चित्रपटात मध्येच उठून जाण्याजोगी जागा फार नाही.

पैशांचं एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के. ॲपवरून काढलं की सुविधा शुल्क प्रत्येक तिकिटामागे वेगळं आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के. चौघांचं कुटुंब असेल तर हा फरक चहा-वड्याचा खर्च काढून देतो. पहिल्या शनिवार-रविवारी गर्दीमुळे ॲप गरजेचं आहे, पण सोमवारपासून खिडकीवर तिकीट सहज मिळतं. जुन्या थेटरात तर खिडकीवर उभं राहून 'मधली जागा द्या' असं सांगता येतं.

पहिल्या दिवशीचा पहिला खेळ ज्यांना हवाच असतो त्यांच्यासाठी एक गोष्ट. चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत थेटरात आधीच पोचलेला असतो, पण तो कुलूपबंद असतो. त्याची डिजिटल किल्ली त्या विशिष्ट सर्व्हरसाठीच आणि ठरावीक वेळेपासून ठरावीक वेळेपर्यंतच चालते. किल्ली उशिरा आली, किंवा सर्व्हर बदलला असताना जुन्या सर्व्हरची आली, तर खेळ सुरूच होत नाही. अशा वेळी ऑपरेटरवर ओरडून काही उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नसतं. वीज गेल्यावरची गोष्टही तशीच. जनरेटर मिनिटभरात सुरू होतो, पण सर्व्हर पुन्हा उठायला आणि गरम झेनॉन दिवा थंड होऊन पुन्हा पेटायला पाच-दहा मिनिटं जातात. त्यानंतर चित्रपट जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला का, एवढं मात्र बघायला हवं. प्रसंग वगळला गेला असेल तर मागे घ्यायला सांगणं हा तिकीट काढणाऱ्याचा हक्क आहे.

सगळ्याच चित्रपटांना इतकी काळजी लागते असं नाही. शिवराज वायचळ दिग्दर्शित 'आता थांबायचं नाय' कुठेही बघा, तो पोचतो. मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, ही खऱ्या घटनेवरची गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघांनीही नेहमीची हुकमी विनोदाची शस्त्रं बाजूला ठेवून काम केलंय, आणि ते फार समाधान देणारं आहे. संवाद ठसठशीत, दृश्यं उजेडातली, माणसं जवळून दाखवलेली. घरच्या टीव्हीवर आई-वडिलांसोबत बघायला याहून चांगला चित्रपट सुचवता येणार नाही.

घरी बघताना टीव्हीच्या दोन गोष्टी बदलून घ्या. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय कारखान्यातूनच चालू असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच तयार करून भरतो, आणि मग चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. चित्राच्या सेटिंगमध्ये 'फिल्ममेकर' मोड निवडला की ती बंद होते आणि रंगांचा भडकपणाही उतरतो; नुसता 'सिनेमा' मोड असेल तर ती बंद झाली का तेही बघा. दुसरी गोष्ट आवाजाची. टीव्हीला वेगळे स्पीकर जोडलेले नसतील तर ॲपच्या ध्वनी पर्यायात ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. सहा वाटांचा आवाज दोन बारीक स्पीकरमध्ये कोंबला जातो तेव्हा संवादच आधी दबतो.

थेटरात काही बिघडलंच तर तक्रार कशी करायची हेही महत्त्वाचं आहे. मध्यंतरापर्यंत थांबू नका, पहिल्या दहा मिनिटांत उठा. डोअरकीपरला सांगून भागत नाही, त्याला ड्युटी मॅनेजरला बोलवायला सांगा. आणि 'पिक्चर नीट दिसत नाही' असं मोघम बोलू नका, त्यावर 'प्रिंटच तशी आहे' हे उत्तर तयार असतं. डिजिटल चित्रपटात प्रिंट झिजत नाही, तेव्हा ते उत्तर मान्य करू नका. नेमकं सांगा: मधल्या स्पीकरमधून वरची पट्टी येत नाहीये, डावा खालचा कोपरा काळा आहे, थ्रीडीचं फिल्टर राहिलंय का बघा, पातळी कितीवर आहे ते सांगा. फिल्टर काढायला, फोकस लावायला, आवाज अर्ध्या आकड्याने वर न्यायला ऑपरेटरला दोन मिनिटं पुरतात. दिवा किंवा हॉर्न मात्र खेळ चालू असताना बदलता येत नाही, त्यासाठी पैसे परत किंवा दुसऱ्या पडद्यावरचा खेळ मागावा, आणि तिकिटाचा अर्धा तुकडा तोवर खिशात जपून ठेवावा.